क्लॅरिनेटला दिलेली सुरावट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — मलाही नीट सांगता येणार नाही.

मी तेव्हा ठाण्याला नौपाड्यात राहायचो. कचेरीत कारकून, आणि हौसेने व्हायोलिन वाजवायचो. रविवारी आम्ही पाच जण डोंबिवलीच्या एका शाळेत जमायचो. त्यातला वसंता कल्याणचा. एका संस्थानाच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट शिकलेला. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, आणि तो शहाडला कारखान्यात लागला. तिथे क्षयाने गाठलं. बरा होऊन परतला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — थोडंथोडं वाजवा, पण दम लागेल असं काही नको. हे बाकीच्या आम्हा चौघांपैकी फक्त मला ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी मी एक सेरेनेड, म्हणजे युरोपियन वाद्यरचना, बसवायला घेतली. मूळ रचना भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राची. ती पाच वाद्यांत उतरवायची. कुणी काय वाजवायचं, ते मीच ठरवायचो. तिच्यात हॉर्न या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याची एक लांब सुरावट आहे — श्वास घ्यायला जागाच नाही. ती व्हायोलिनवर घ्यावी, हे उघड होतं. घरी वाजवून पाहिली. वरचे सूर लागेनात. कार्यक्रमाला मुंबईहून जाणकार यायचे होते — त्यांच्यासमोर माझा हात उघडा पडू द्यायचा?

मी ती वसंताला लिहून दिली.

"लांब आहे रे," तो म्हणाला.

"तुझ्याशिवाय कोण वाजवणार?"

तो खूश झाला. खरंच खूश झाला.

तालमीत ती सुरावट संपली की तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहायचा. आम्ही थांबायचो. कुणी विचारत नसे. मी तरी कशाला विचारीन?

त्याची बायको, कुसुमवहिनी, एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, यांना फार फुंकावं लागत नाही ना?"

"छे, वहिनी. चार ओळी आहेत."

कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत होत्या. वसंताने शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या त्यालाच पडल्या. शाळेच्या पायऱ्या उतरताना खोकल्याची उबळ आली आणि सदरा लाल झाला. महिन्याभरात तो गेला.

तेराव्यानंतर वहिनींनी विचारलं, "तुम्ही तर चार ओळी म्हणाला होतात."

आणि मी — मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो, वहिनी. ती लांब सुरावट त्यानेच हट्टाने मागून घेतली."

त्यांना ते पटलं. वसंताचा फोटो त्यांनी भिंतीवर कधी लावला नाही. मुलगी बापाबद्दल विचारायची, तेव्हा म्हणायच्या, "त्यांना आपल्यापेक्षा टाळ्या प्यार्‍या होत्या." मी बऱ्याचदा समोरच बसलेलो असायचो, त्यांनी केलेला चहा पीत.

वहिनी मागच्या वर्षी गेल्या. नवऱ्यावरचा राग मनात ठेवूनच गेल्या.