बिनखिळ्याचा पलंग

लाकूड या विषयावर माझ्या मुलुंडच्या काकांना गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मावशीचे यजमान म्हणून ते माझे काका, विमा कचेरीतली नोकरी हे पोटाचं निमित्त, आणि दोन खोल्यांच्या घराला चिकटलेली चिंचोळी गॅलरी हा त्यांचा कारखाना! तिथे रंधा फिरू लागला की कुरळ्या ढलप्या उडत उडत थेट स्वयंपाकघरात यायच्या. मावशी पळीनं आमटीतली ढलपी बाजूला काढून शांतपणे विचारायची, "वाढू का अजून? आज सागाची आहे." जुनी चाळ पाडतायत असं कानावर आलं की काका रजा टाकून तिकडे धावत आणि घाटकोपरहून, कुर्ल्याहून सागाचे वासे घेऊन लग्नाच्या वरातीसारखे परतत.

खिळ्याशी त्यांचं उभं वैर. "खिळा म्हणजे दंडेली रे! दोन लाकडांचं पटत नाही म्हणून तिसऱ्यानं मध्ये घुसायचं? एकाला खाच पाड, दुसरं त्यात बसव, वरून लाकडाचीच पाचर मार. बघ कशी धरून बसतात!" मी तेव्हा खांद्याला झोळी लावून पत्रकं वाटत हिंडायचो. मला त्या एका वाक्यात समतेचा अख्खा जाहीरनामा दिसे. मी ओरडे, "काका, हे छापलंच पाहिजे!" काका म्हणत, "छाप नंतर. आधी ती फळी धर."

कुणाच्याही घरी गेले की त्यांचा हात आधी टेबलाखाली. एकदा एका घरी आम्ही दुखवट्याला भेटायला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. काकांचीही मान खाली, पण नजर बाकाच्या पायावर. बऱ्याच वेळानं ते जड आवाजात म्हणाले, "शिसवी आहे." मावशीनं डोळे मिटून घेतले. पण ज्यांचे यजमान गेले होते ती, आतापर्यंत दगडासारखी बसलेली म्हातारी म्हणाली, "ह्यांनी हौसेनं आणलं होतं हो," आणि मोकळेपणानं रडली. त्या दिवशी खरं सांत्वन फक्त काकांनी केलं, असं माझं आजही मत आहे.

मग त्यांनी ताईसाठी पलंग केला. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न बोरिवलीच्या एका मुलाशी ठरत आलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली, आणि काकांच्या हातून काकांनाच साजेशी चूक झाली. चहा व्हायच्या आत त्यांनी पलंगाचे सुटे भाग गॅलरीतून आणले आणि सगळ्यांसमोर तो उभा केला! खटाखट पाचरी बसल्या. "बसा, बसा! करकरला तर माझं नाव बदला!" मुलाचे मामा ऐसपैस बसले. पलंगानं हूं की चूं केलं नाही.

मुलाची आई खूश होऊन म्हणाली, "झकास! हा तर द्यालच. सोबत एक कपाट आणि ड्रेसिंग टेबल दिलंत की आमचं काही मागणं नाही बघा."

काकांचा चेहरा उतरला. हुंडा घ्यायचा नाही नि द्यायचा नाही, हे त्या घरातलं पहिलं तत्त्व. त्यांनी हातोडा उचलला. "मामा, जरा उठा."

"का हो?"

"पलंग उठतोय."

आणि खटाखट सगळ्या पाचरी निघाल्या! मामा उभ्याउभ्याच चहा प्यायले. मावशी पुटपुटली, "अहो, पोरीची वाट लावाल!" टाळ्या वाजवायला माझे हात शिवशिवत होते, पण ताईकडे पाहिलं आणि ते खाली गेले. ती पांढरीफटक पडली होती. तरी तिनंच तोंड उघडलं. मुलाला सरळ विचारलं, "तुम्हाला पलंग हवाय का?"

तो आईकडे न बघता म्हणाला, "मला जमिनीवरच झोप लागते."

लग्न झालं. पलंग मुलुंडलाच, भिंतीला टेकून राहिला. वर्ष सरलं. सासूबाईंनी पलंगाचा शब्द पुन्हा काढला नाही, उलट ताईच्या तापात त्या रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या. एका रविवारी काकांनी मला हाक मारली, "चल रे, टेम्पो आणलाय. आता कुणी मागत नाहीये, आता द्यायला हरकत नाही." पवईवरून, आरे कॉलनीच्या झाडांतून आम्ही गेलो. मी मागे फळ्या धरून बसलो होतो आणि काका पुढे बसून ड्रायव्हरला खिळ्याविरुद्ध भडकवत होते.

पलंग उभा राहिला. शेवटची पाचर त्यांनी ताईला मारायला लावली. मग तिच्या सासूबाईंकडे वळून, नजर चुकवत म्हणाले, "उन्हाळ्यात लाकूड आकसतं. पाचर सैल पडते. मला अधूनमधून यावं लागेल."

आता दर उन्हाळ्यात काका बोरिवलीला जातात. पाचर कधीच सैल नसते. ते तिच्यावरून अंगठा फिरवतात, उगाच एक हलका ठोका देतात, आणि ताई आतून चहा घेऊन येईपर्यंत पलंगाच्या काठावर गप्प बसून राहतात.