काडीमास्तरांची करंगळी

आमच्या सासऱ्यांना क्लबात सगळे काडीमास्तर म्हणतात. माहीत नसलेल्याला वाटेल, हा माणूस इकडच्या तिकडे काड्या लावून भांडणं जुंपत असणार. खरं तर त्यांच्याइतका अबोल माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या घरात भांडणाचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. सासरे एकतीस वर्षं क्लबातल्या सभासदांचे सिगार पेटवतात, म्हणून काडीमास्तर. स्वतः त्यांनी जन्मात एक झुरका घेतलेला नाही.

मी लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा बोलून गेले होते, "त्यात काय, काडी ओढायची आणि लावायची." दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. एरवीही ते बोलत नसल्यामुळे मला ते कळलंच नाही, शेवटी सासूबाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि हातात पेन्सिल धरून सगळं समजावलं.

सिगारच्या खोक्यात सुगंधी लाकडाचा एक पातळ पापुद्रा येतो. तो नखाने उभा चिरून पट्ट्या करायच्या. काडी ओढली की तिच्या टोकाचं गंधक आधी जळून जाऊ द्यायचं आणि मग तिच्यावर पट्टी पेटवायची. मेणबत्ती चालत नाही, पेट्रोलच्या लायटरचं तर नाव काढायचं नाही; तो वास सिगारला एकदा लागला की शेवटपर्यंत सुटत नाही. डाव्या हातात सिगार तिरपा, उजव्या हातात पट्टी. ज्योत सिगारला शिवता कामा नये. ती बोटभर खाली धरायची आणि सिगार सावकाश फिरवत राहायचा, म्हणजे कड सगळीकडून सारखी काळी पडते. मग टोकावर हलकी फुंकर. निखारा गोल फुलला तर उत्तम. कुठे काळा डाग राहिला तर तेवढ्याच जागी पुन्हा ऊब द्यायची, आणि मगच सिगार सभासदाच्या हातात.

"आणि घाई केली तर?" मी विचारलं.

"तर पळतो. एक बाजू भराभर जळत जाते, दुसरी तशीच राहते. मग तो माणूस तासभर कडू धूर ओढत बसतो, आणि चूक पेटवणाऱ्याची होती हे त्याला कळतही नाही."

"मग बरंच आहे की!"

"मला कळतं ना," बाबा म्हणाले.

मी कपडे अल्टर करून देणारं दुकान चालवते. आतल्या बाजूची शिवण वाकडी गेली तर गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण मला ती उसवल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवसापासून बाबांचं आणि माझं जमलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी क्लबाचा काळा कोट माझ्याकडे आणून दिला. डाव्या बाहीच्या टोकाला एक जळकं भोक पडलेलं. "गुपचूप रफू कर," म्हणाले. मी केलं. दहा दिवसांनी दुसरं भोक, तेही डाव्याच बाहीला. तिसऱ्या वेळी मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "बाबा, उजवा हात दाखवा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मशीन चालू असताना टेबलावरची कात्री जशी थरथरते, तशी त्यांची बोटं थरथरत होती. माझा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात आम्ही तिघंच. आता हे सगळं माझ्याच गळ्यात येणार, हा विचार माझ्या मनात आधी आला आणि बाबांची काळजी नंतर वाटली. खोटं कशाला सांगू?

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आईंना माहीत आहे?"

"नाही. आणि कळता कामा नये." बाबांनी हात खिशात घातला. "तिच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्याला चमच्याने भरवावं लागायचं. हीच भरवायची, चार वर्षं."

मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "डॉक्टर दुखण्याचं नाव सांगेल. एकदा त्याला नाव मिळालं की सगळ्यांना कळलं." मी चिडले, पण बाहीचं भोक तेवढं बुजवून दिलं.

आणि मग जे व्हायला नको तेच झालं. क्लबातला त्यांचा एक सिगार पळाला. ज्यांचा पळाला त्यांनी चकार शब्द काढला नाही, शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी तक्रार केली. मॅनेजर नवा होता आणि त्याला काहीतरी करून दाखवायचंच होतं. त्याने फळ्यावर नोटीस लावली: येत्या शुक्रवारी दुपारी सिगारच्या खोलीतल्या चारही जणांनी समितीपुढे सिगार पेटवून दाखवायचा. ज्याला नीट जमणार नाही त्याची बदली खाली कोट सांभाळायच्या खिडकीवर.

सोमवारी बाबा घरी आले ते न जेवताच आडवे झाले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा छताकडे बघत म्हणाले, "कोट टांगायलाही हातच लागतात गं. पण तिथे मला कोण ओळखणार?"

रात्रभर मला तेच ऐकू येत होतं. सकाळी दुकानात सुईत दोरा ओवताना माझं माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. सुई धरलेल्या हाताला मी दोऱ्याच्या हाताची करंगळी टेकवलेली होती. कोणी शिकवलं नव्हतं. शिवणारं कुणीही हे आपोआप करतं. हात हलले तर दोन्ही मिळून हलतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. मी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि तशीच घरी पळत सुटले.

"बाबा, करंगळी मनगटाला टेकवा. उजव्या हाताची, डाव्या मनगटाला. थरथरू दे हात, दोन्ही एकत्र थरथरतील."

सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. कापड बेतायचा खाकी कागद माझ्याकडे होता. त्याची नळी केली आणि आत वाळलेली चहापत्ती ठासून भरली. वापरलेली पत्ती सासूबाई कुंड्यांसाठी वाळवत ठेवतात, त्यातली आम्ही मूठभर लांबवली. सासूबाई संध्याकाळी फिरायला गेल्या की आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचो. पहिला दिवस नुसता राख आणि खोकला. ज्योत कागदाला शिवायची, नळी भडकायची, बाबा ती सिंकमध्ये टाकायचे. "नाही जमणार," ते म्हणायचे आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. सुनेने सासऱ्यावर ओरडू नये वगैरे मला माहीत आहे. पण शुक्रवार तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी पत्ती संपायला हवी होती, तर खिडकीत कागदावर दुप्पट पत्ती वाळत घातलेली. नशीब बरं म्हणायचं, एवढंच मला सुचलं.

"काय जळतंय?" सासूबाईंनी परत आल्यावर विचारलं.

"इस्त्री," मी म्हटलं.

"बरं. खिडकी उघडी ठेवत जा."

त्यांनी चहा केला. सासूबाईंचा हात पहिल्यापासून आखडता. हल्ली तर बाबांना चहासुद्धा अर्धा कपच. तो संपला की पुन्हा अर्धा. "एकदाच भरून द्या की," असं म्हटलं तर म्हणायच्या, "निवतो." एवढ्याशा चहात मेला निवायचं काय, असं मी मनात म्हणायचे.

गुरुवारी संध्याकाळी सहा नळ्यांपैकी चारांची कड एकसारखी काळी पडली. चार. मी बाबांना शाबासकी दिली आणि उरलेल्या दोन नळ्यांच्या भीतीने माझी झोप उडाली.

शुक्रवारी मी क्लबात होते. नव्या गणवेशाच्या पॅंटी आमच्याच दुकानाकडे होत्या, आणि मापं घ्यायला मी नेमका तोच दिवस साधला होता. सिगारच्या खोलीला लागून कपबशांची खोली आहे. तिचं दार अर्धवट उघडं ठेवून मी एका जाड्या वेटरच्या पायाशी बसले, तोंडात चार टाचण्या धरून त्याची पॅंट दुमडत. तिथून समोर मॅनेजर दिसत होता, त्याच्या बाजूला समितीचे दोन गृहस्थ आणि खिडकीशी मोठ्या डॉक्टरीणबाई. या शस्त्रक्रिया करणाऱ्या निवृत्त डॉक्टर. क्लबात सिगार ओढणाऱ्या त्या एकट्याच बाई, आणि गेली सतरा वर्षं बाबांशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचा सिगार त्यांनी घेतलेला नाही.

बाबांची पाळी शेवटची. त्यांनी काडी ओढली, गंधक जळू दिलं, पट्टी पेटवली. करंगळी मनगटावर. सिगार फिरायला लागला. मी श्वास घेतला नव्हता. टाचण्या तोंडात असताना तसाही तो बेतानेच घ्यावा लागतो. बाबांनी फुंकर घातली आणि निखारा फुलला, गोल, काठोकाठ.

"छान," मॅनेजर म्हणाला. मग पुढे वाकला. "एक मिनिट. ती करंगळी मनगटावर कशाला? बाकी तिघांनी तसं नाही केलं. आधार घ्यावा लागतोय का तुम्हाला?"

खोटं बोलणं बाबांना जमत नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, आता ते खरं सांगणार. माझ्या हातातली टाचणी वेटरच्या पोटरीत गेली. त्या बिचाऱ्याने ओठ चावून घेतला.

"साहेब," बाबा म्हणाले, "माझा हात..."

"हात टेकवलाच पाहिजे," डॉक्टरीणबाई मध्येच बोलल्या. "चाळीस वर्षं माणसं शिवली मी. अधांतरी हाताने एकही टाका घातलेला नाही. कुठल्याही सर्जनला विचारा."

"पण मॅडम, आपल्या पद्धतीत..."

"मागे पळालेला सिगार माझाच होता. सतरा वर्षांत तो एकच, आणि त्या दिवशी यांनी हात टेकवला नव्हता. माझं लक्ष होतं." त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे, विझेल तो."

मॅनेजर दोघा गृहस्थांकडे बघायला लागला. त्यांनी माना डोलावल्या, कारण डॉक्टरीणबाईंपुढे मान हलवायची ती उभीच. मग त्याने वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "सिगार पेटवताना उजव्या हाताची करंगळी डाव्या मनगटास टेकवावी. सोमवारपासून सर्वांनी." माझ्या पुढ्यातला जाड्या वेटर पोटरी चोळायची सोडून लगेच आपली करंगळी मनगटावर टेकवून बघायला लागला. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे धड काहीच करता येत नव्हतं.

जाताना डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. "माझा विद्यार्थी आहे. सोमवारी सकाळी जायचं. थरथर सगळी एकाच जातीची नसते, काडीमास्तर. घाबरून बसलात तर ती कुठली आहे तेच कळणार नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर बाबा स्वतःहून बोलत होते. समिती, निखारा, वहीतला नवा नियम, सगळं सांगून झालं. गाळला तो फक्त हात आणि खिशातली चिठ्ठी. सासूबाई चहा गाळत ऐकत होत्या.

"आज भरून दे गं," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी किटली वाकडी केली आणि कप अर्धा झाल्यावर सरळ केली.

"आई, आज तरी हात आखडू नका," मी म्हटलं.

"भरला तर सांडेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कप बाबांपुढे सरकवला. "आठ महिने झाले. अजून यांच्या हातून एक थेंब सांडू दिलेला नाही मी."

माझी नजर खिडकीकडे गेली. तिथे कागदावर कालच्यापेक्षाही जास्त चहापत्ती वाळत होती. बाबांनी कप उचलला, पहिल्यांदाच आमच्या दोघींसमोर, दोन्ही हातांनी.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचंय," ते म्हणाले.

"मी येतेय," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा अर्धा कप ओतण्यासाठी किटली हातात धरून थांबल्या.