पंडुमाआधीची भरली मिरची

सोमारीच्या हाताला चव आहे, हे तिच्याशी भांडलेली बाईसुद्धा कबूल करते. पण चव हातात असते तोवर ठीक. ती डोक्यात गेली की माणसाचं अवघड होतं, आणि सोमारीच्या डोक्यात ती ऊर्जानगरात गेली.

तिचा नवरा अंकुश तिथं वीजघरात ठेकेदाराच्या हाताखाली सहा वर्षं कामाला होता. सोमारी क्वार्टरांमध्ये स्वयंपाकाला जायची. पहिल्या महिन्यात तिला गॅस पेटवायचीही भीती वाटे. पुढं पुढं असं झालं की पुनम मॅडमकडं पाहुणे यायचे असले की मॅडम आदल्या दिवशीच विचारायच्या, "सोमारी, उद्या शिमला मिरची भरशील ना गं?" त्या 'ना गं'मध्ये सोमारीचा अख्खा आठवडा गोड जायचा. जंगलातल्या गावची, दुसरी नापास झालेली पोर, आणि इंजिनिअरसाहेबाची बायको तिला 'भरशील ना गं' म्हणते. हुरळणार नाही तर काय करेल?

सासू वारली तेव्हा दोघं गावी परत आले. गाव आलापल्लीच्या पुढं, रस्त्याला लागून, सागाच्या जंगलात. घरी सासरा एकटा होता, मंगरू. मंगरू म्हणजे गावचा गायता. देवाचं करणारा माणूस. पेरणी असो, नवं धान असो, आंबा असो, आधी गायत्याच्या हातून देवाला जाणार, मग गाव तोंड लावणार. तीस वर्षं तो हे करत होता. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. सोमारी त्याला मामा म्हणायची आणि मनातून जरा टरकून असायची. त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, तरी टरकायची. काही माणसं गप्प असली तरी घरात त्यांचंच चालतं.

आता ही आंब्याची रीत नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला उगाच वाटेल. चैत्रात आंब्याचा पंडुम, म्हणजे सण होतो. त्या दिवशी गायता पहिली कैरी कापतो, देवाला देतो, मग सगळ्यांना तिचा तुकडा मिळतो. त्याच्या आधी कैरी खायची नाही. झाडाखाली सडा पडला तरी पोरं तिला तोंड लावत नाहीत. आणि बाकीच्यांचं एक वेळ सोडा, पण जो कापणार त्याच्या जिभेला नव्या आंब्याची चव ठाऊक नसली पाहिजे. गायत्याची सगळी पत तेवढ्यात आहे. सोमारी काही परक्या जातीतून आलेली नव्हती. शेजारच्याच गावची, याच रीतीत वाढलेली. अजाणतेपणी झालं असं म्हणायचीही सोय तिला नव्हती.

तर पंडुमाला आठ दिवस असताना मॅडमचा फोन आला. भामरागडला नद्यांचा संगम बघायला निघालोय, वाटेत तुझ्याकडं जेवतो, म्हणाल्या. आणि वर, "काही करू नकोस हं जास्त. तुझ्या मिरच्या कर फक्त."

बस्स. सोमारीला घर पुरेना. अंकुशला मोटरसायकलवर आलापल्लीला पिटाळलं. तो आणून आणून मोठ्या, फुगलेल्या मिरच्या घेऊन आला.

"ह्या कायले आनल्या?" ती म्हणाली. "मले लहान पाहिजेत. मुठीएवढ्या. खाली चार बोंडं असनारी, म्हंजे उभी राह्यते."

"मिरची हाय का बकरी? उभी कायले राह्यली पाहिजे?"

"तुले नाई समजत. जाय, बदलून आन."

बिचारा परत गेला. सोमारीनं अंगणात वाळत घातलेली मोहफुलं एका बाजूला सारली, ओसरी सारवली, शेंगदाणे भाजून जाडेभरडे कुटले. बेसन कोरडंच, मंद आचेवर, वास सुटेस्तोवर भाजलं. तीळ, खोबरं, लसूण, तिखट, गुळाचा खडा. मिरच्यांची देठाकडची टोपी कापून बिया काढल्या, आतून मीठ चोळून त्या पालथ्या घातल्या. सगळं झालं, आणि हात अडला तो आंबटावर.

मॅडमकडं सारणात कैरी किसून पडायची. ती नसेल तर आमचूर. घरात मागच्या सालच्या वाळल्या कैरीचे काप होते, पण डबा उघडला तर नुसते किडे. चिंच मात्र पोतंभर होती. ताजी, याच वर्षीची, तिनंच फोडलेली. चिंच घातली असती तर काही बिघडलं नसतं. सारण काळं पडलं असतं, एवढंच. आणि मॅडमनं ते काळं सारण बघून "अगं, वेगळं लागतंय" म्हटलं असतं, एवढंच.

त्या 'एवढंच'साठी बाई घरामागं गेली. रात्रीच्या वाऱ्यानं झाडाखाली कैऱ्या पडल्या होत्या. मी तोडत नाही, पडलेली उचलते, असं तिनं स्वतःला सांगितलं. मी खाणार नाही, पाहुणे खातील, आणि पाहुण्यांना कुठं आपली रीत. मामांसाठी भात आणि अंड्याचं कालवण वेगळं काढून ठेवते. अशी एकावर एक कारणं तिनं रचली, आणि दोन कैऱ्या पदराखाली घालून घरात आली. किसल्या. सालं आणि कोयी चुलीत सारल्या. ओली कोय चुलीत चरचरली तेव्हा तिनं दाराकडं बघितलं. कोणी नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सारण दाबून न भरता मिरच्या भरल्या, कारण बेसन फुगतं. पसरट भांड्यात थोड्या तेलावर त्या उभ्या लावल्या, झाकणावर पाणी ठेवलं. घरभर असा वास सुटला की अंकुश दोनदा आत येऊन गेला.

मॅडम आणि साहेब आले, ओसरीवर बसले. मॅडमनं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "अगदी तश्शीच. गावात राहूनसुद्धा तुझा हात नाही बदलला." सोमारीचं तोंड नुसतं फुललं. तेवढ्यात मंगरू बाहेरून आला, पाय धुतले, आणि आपल्या नेहमीच्या जागी खांबाला टेकून बसला. सोमारीनं घाईनं त्याचं भाताचं ताट आणून ठेवलं.

"हे काय, बाबांना मिरची नाही?" मॅडम म्हणाल्या, आणि आपल्या हातानं एक उचलून त्याच्या ताटात वाढली. "बाबा, सुनेच्या हातची खाऊन बघा. आमच्या कॉलनीत नाव आहे तिचं."

बोलायचं होतं तर तेव्हाच. "मामा, ते नका खाऊ." चार शब्द. पण मग मॅडमनं विचारलं असतं, का गं? मग सांगावं लागलं असतं की आमच्यात असं असतं, आणि मी ते ठाऊक असून केलं, तुमच्यासाठी. सोमारीनं तोंड उघडलं. उघडलं आणि म्हणाली, "मामा, पानी देऊ का?"

मंगरूनं मिरची फोडली, भाताला लावली, घास घेतला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला. सगळी मिरची संपवली, बोट चाटलं आणि म्हणाला, "चांगली झाली."

पाहुणे गेले. सोमारीनं भांडी घासायला घेतली आणि ते पसरट भांडं ती घासतच राहिली. आपल्याला वाटतं लाज एकदा वाटते आणि जाते. तसं नसतं. ती तिला दुसऱ्या दिवशी अंगणात मोहफुलं गोळा करताना वाटली, विहिरीवर बायका पंडुमाचं बोलायला लागल्या तेव्हा वाटली, आणि सगळ्यांत जास्त वाटली ती मॅडमचा "रेसिपी पाठव ना" असा मेसेज आला तेव्हा. जी शाबासकी ऐकायला जीव टाकला, तीच आता कानाला नको झाली. म्हातारा खाऊन निवांत होता. खवखव हिच्या घशात.

अंकुशला तिनं तिसऱ्या दिवशी सांगितलं.

"तू पागल हाय का? माहा बुवा पंडुमाले देवापुढं काय म्हनन?"

"त्यायले कुठी मालूम हाय? किसलेली होती."

"त्यायले नाई मालूम. तुले हाय ना." तो उठला. "मी नाई सांगत बुवाले. तू केलं, तू सांग."

ती सांगणारच होती. रोज सांगणार होती. गंमत अशी की त्या आठ दिवसांत मंगरू कधी नव्हे तो चुलीपाशी येऊन बसायचा. लाकूड पुढं सरकवायचा. "बोल, काय म्हनतेस," म्हणायचा. एरवी दिवसात दहा शब्द बोलणारा माणूस. एकदा म्हणाला, "तुह्या सासूनं एक साल बियाची मडकी फोडली होती. मले सांगतलं तिनं. निपटलं." सोमारी म्हणाली, "हो मामा," आणि कांदा चिरू लागली. तिला वाटलं म्हाताऱ्याला बायकोची आठवण येते. आपल्याच भीतीत बुडालेल्या माणसाला समोरच्याचं दार उघडं आहे हेही दिसत नाही.

पंडुमाच्या सकाळी ती उठली तर मंगरू अंगणात दोर वळत बसलेला. आंघोळ नाही, धुतलेलं धोतर नाही. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ इतवारी आला आणि म्हणाला, "भाऊ, सुरी दे." पहिली कैरी कापायची सुरी. मंगरूनं आढ्याला खोचलेली ती सुरी काढली, पुसली आणि त्याच्या हातात दिली.

सोमारी इतवारीच्या मागं फाटकापर्यंत धावली. "काका, तुमी काऊन कापता?"

"काल गोटुलात गाव बसलं तवा भाऊनंच सांगतलं सगळ्यायले. माहं तोंड उष्टं झालं म्हने, मले कापता नाई येत. कसं झालं ते काई बोलला नाई." इतवारीनं सुरीकडं पाहिलं. त्यालाही ती जड झाली असावी. "तीस साल झाले, पोरी."

सोमारी परत आली आणि सासऱ्यासमोर खाली बसली. आता बोलायला काही अडचण नव्हती. नुकसान होऊन गेलं होतं. "मामा, त्या मिरचीत..."

"मालूम हाय," मंगरू म्हणाला. हात दोर वळतच होते. "पयल्या घासालेच समजलं. मंग ते थुकून काय भेटलं असतं? पाहुने बसले होते. तुही मान खाली गेली असती."

"तवा बोलले काऊन नाई?"

"तू सांगशील म्हनून वाट पाह्यली. काल दिवस बुडेस्तोवर पाह्यली." त्यानं दोराला पीळ दिला. "आंब्यासाठी नाई सोडलं मी. चुकून खाल्ल्यावर करासाठी रीत हाय आपल्यात, देवाले सांगाचं, माफी मांगाची. पन माह्या घरची सून आठ दिस माह्यासमोर बसून मले एक गोष्ट सांगू शकत नाई. मंग मी गावाले काय सांगाचं, खरं बोला म्हनून? मले माहीच लाज वाटली."

शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या झेलल्या असत्या. आपल्या गुन्ह्याची लाज दुसराच कोणी वाहतोय, तेही मुकाट, हे तिला झेपेना. रडायलाही तिला तोंड उरलं नव्हतं.

मंगरू उठला. "चाल. मागं बसू."

ते देवापाशी गेले तेव्हा माणसं जमली होती. मंगरू सगळ्यांच्या मागं, पोरासोरांजवळ बसला. सोमारी बायकांत बसली. पुढं इतवारी अडखळत अडखळत देवाला बोलवत होता, दोनदा चुकला, दोनदा मागं मंगरूकडं पाहिलं. बायकांत कुजबूज चालू होती. गुणाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती शेजारणीला म्हणाली, "बुढाप्यात जीभ सुटते मानसाची. झाडाखाली उचलून खाल्ली असन चोरून. लहान पोरं राह्यतात, अन् गायत्याले नाई राह्यवलं." दोघीतिघी हसल्या. हसू मागं ऐकू गेलं असणार, कारण मंगरूनं मान खाली घातली.

सोमारी उठून उभी राहिली. पदर कुठं चालला होता याचं भान नव्हतं. इतवारीची कैरी हातातच राहिली.

"मामानं नाई खाल्ली," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली. "मामानं उचलून नाई खाल्ली. मी किसून घातली भाजीत. मले मालूम होतं. शहरातल्या पाहुन्यायनं चांगलं म्हनावं म्हनून घातली, अन् मामाच्या ताटात पडली तवा मी पाहत राह्यली."

गुणाबाईनं तोंड दुसरीकडं वळवलं. अंकुश पुरुषांच्या रांगेत जमिनीकडं बघत होता. आपण बसावं की निघून जावं हे सोमारीला कळेना, तशीच ती सगळ्या गावासमोर उभी राहिली.

मागून मंगरूचा आवाज आला. "इतवारी, काप तू. अन् पोरी, तू बस आता. हे मले काल सांगाचं होतं."

ती बसली.