तू कोण आहेस

इथे उत्तरेत, महानगर नावाच्या वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ घरबसल्या लोकांना मजकूर लिहून देतात. चिकनकारी भरतकामाच्या कुर्त्यांची वर्णनं, मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची जाहिरात, कुणाचा बायोडेटा. पूर्वी दिवसाला दोन कामं उरकायची. एआय हाताशी आल्यापासून दहा होतात आणि कमाईही वाढली आहे.

"ताई, सगळी बात प्रॉम्प्टची आहे," ते सांगतात. "मशीनला आधी सांगायचं की तू कोण आहेस. काम नंतर."

रिक्षावाल्यालाही 'आप' म्हणणारा हा माणूस फक्त मशीनला 'तू' म्हणतो. तू आंब्याचा जुना व्यापारी आहेस. तू चाळीस वर्षं कशिदा काढतो आहेस. मला ते जरा खटकायचं. इतक्या झटपट कुणी दुसरं कुणी होतं का?

माझे बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी खाली या गृहस्थांकडे गेले. शोकसभेत वाचायला चार ओळी हव्या होत्या आणि मला एकही शब्द सुचत नव्हता.

"अच्छा, बसा," म्हणत त्यांनी सवयीनं टाइप केलं: 'तू एक मुलगी आहेस. तुझे बाबा परवा गेले.'

मी ते वाचलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं. सगळे धीर धर म्हणत होते. इतकं सरळ मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एंटरवरचं बोट त्यांनी हळूच उचललं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"पुढचं आता ही मुलगीच लिहील, ताई."