आचाऱ्याशेजारची वाटी

मी पदवीधर झालो तो गावच्या देसाई सरांमुळे. मी दुबईत कारकून झाल्यावर त्यांनी कळवलं, "तिथल्या लोकांच्या चालीरीती वर्गवार लिहून पाठव."

कंपनीच्या भटारखान्यात एक चिनी आचारी होता. इतका दमलेला, की कांदे चिरतानाही डोळे मिटायचा. फार विचारलं की म्हणायचा, "खलास, बाबू." तरी मी त्याच्याकडून जन्म, लग्न, मृत्यू असे वर्ग भरत गेलो.

त्यांच्या नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी त्याने जेवताना शेजारी आईसाठी भाताची वाटी मांडली. मी ती 'मृत्यू'खाली लिहिली आणि त्याला वाचून दाखवली.

"मरी नहीं, बाबू. दूर है," तो म्हणाला आणि वाटीतला भात गरम करायला उठला.

सरांना लिहिलं: "चौथा वर्ग केला आहे, दूर असलेल्या जिवंत माणसांसाठी. त्यात एकच नोंद आहे. आमच्या घरी असं काही करतात का, माझ्या आईला विचाराल?"