टँकरात कॉम्प्युटर

पाण्याचा टँकर रस्त्यात आडवा आला की ती दुपार मला अजून लख्ख आठवते. दुष्काळाचं साल होतं. तेव्हाच्या औरंगाबादेत पैठण रोडला कॉलन्यांवर कॉलन्या उठत होत्या आणि नळ मात्र कोरडे ठाक. मतदान आटोपलं होतं, यंत्रं एका सरकारी गोदामात सीलबंद होती, दुसऱ्या दिवशी मतमोजणी. गोदामाचा पोलीस बंदोबस्त माझ्याकडे होता.

जेवायला बसणार तोच ठाण्यात फोन खणखणला. "साहेब, गोदामाच्या मागच्या भिंतीला टँकर लावलाय. आत कॉम्प्युटर बसवलाय म्हणं. पाइपातून वायर सोडून मतं फिरवायलेत!"

मी पोहोचलो तोवर जवळची अख्खी वस्ती लोटली होती. ड्रायव्हरची कॉलर लोकांच्या हातात, ओठ फुटलेला. आधी त्याला सोडवून जीपमध्ये घातलं. मग जमावातल्याच दोघांना टँकरवर चढवून झाकण उघडायला लावलं. आत पाणी, तेही अर्धंच. पण जमाव कुठला ऐकतोय! "मग इथं थांबला कशाला, ते सांगा," असा एकच गलका. प्रश्न रास्त होता.

अशा गोदामासमोर उमेदवारांची माणसं मंडप टाकून पहाऱ्याला बसतात. त्यांतल्या एक काकू, त्याच वस्तीतल्या, शेतकरी घरातल्या, भलत्याच तिखट. म्हणाल्या, "उद्या आमचा माणूस पडला तर काय समजायचं साहेब? मतानं पडला का टँकरनं?"

याचं उत्तर मोजणीआधी मिळालं नाही, तर उद्या दगड पडणार हे मला दिसत होतं. ड्रायव्हरला ठाण्यात आणलं, चहा दिला. चौकशीत मी कधी हात उगारला नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलतोच असं नाही. पण हा गडी तोंडच उघडेना.

"अरे बाबा, मशीन फिरवल्याचा गुन्हा लागेल तुझ्यावर."

"लागू द्या साहेब."

तिथं माझे कान टवकारले. आळ आला की माणूस झटकतो. हा पठ्ठ्या अंगावर ओढून घेत होता, म्हणजे झाकायचं काहीतरी दुसरंच होतं. मला तो अर्धा रिकामा टँकर आठवला. मी एवढंच विचारलं, "पाणी कुणाच्या वाटणीचं होतं?"

तो ढसाढसा रडायलाच लागला. पाणी त्याच जमलेल्या वस्तीचं होतं. गोदामाला लागून त्याच्या लेकीचं सासर. बाप टँकर चालवतो अन् आमचा हौद कोरडा, असे टोमणे तिला रोज ऐकावे लागत. म्हणून तिच्या परसाच्या भिंतीवरून पाइप टाकून अर्धा टँकर तिच्या हौदात सोडला होता.

"मशीनचोर म्हणून मार खाईन साहेब. पाणीचोर म्हणलं तर त्या वस्तीत कोणत्या तोंडानं जाऊ? अन् लेकीला लई बोलतील."

मला त्याची कणव आली. पण म्हटलं, "तू गप्प राहिलास तर उद्याचा निकाल कुणीच मानणार नाही. तू सांगतोस का मी सांगू?"

त्यानं स्वतःच सांगितलं, मंडपासमोर हात जोडून. शिव्यांचा नुसता भडिमार झाला. काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. "गाढवा, लेकीसाठी मागितलं असतं तर नाय म्हणलो असतो का रं?" मग माझ्याकडे वळल्या, "आता कुलूप दाखवा."

निवडणूक अधिकाऱ्यांना बोलावलं, कॅमेरा लावला, सगळ्या प्रतिनिधींना दारापर्यंत नेलं. ज्यानं त्यानं आपापल्या सहीचं सील नीट निरखलं. एकही हललेलं नव्हतं.

विश्वास ठेवा असं दरडावून विश्वास बसत नाही, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. शंका घेणाऱ्याला मूर्ख ठरवू नये. त्याला दार दाखवावं, सील दाखवावं, आणि कितीही लाजिरवाणं असलं तरी खरं कारण सांगावं. पुढं प्रत्येक निवडणुकीत मी तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा उमेदवार थोडक्यात पडला. मी जादा कुमक तयार ठेवली होती. काकू बाहेर आल्या, डोळे भरलेले. त्यांच्या बाजूच्या पोरांनी घोषणा सुरू केल्या तशा कडाडल्या, "गप बसा रं! मोजताना मी समोर बसले होते. आपण हरलोय. चला घरी."