उलटा पीळ

दुपारचं जेवण उरकून मी पडवीतल्या बाकड्यावर आडवा होतो. उशाशी सकाळीच सोललेला नारळ आहे. उद्या देवळात कौल लावायचा आहे. देवराईतल्या तळ्याचं पाणी चर खणून काढावं का, असं देवाला विचारायचं. आमच्या घरच्या थोरल्यानं, म्हणजे मी, स्वतः सोललेला नारळ पुढं ठेवल्याशिवाय गुरव काही विचारत नाही. आणि नारळ ठेवला म्हणजे त्या घराचा होकार, असं गाव धरून चालतं. मुलाला, दिगंबरला, चर हवाच आहे. तळ्याकाठची जमीन सुकली की तिथं पोफळी लावायच्या आहेत त्याला.

डोळे मिटतात, पण अंग काही ठरत नाही. मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो.

"किती ती वळवळ! बाकड्याक पण नीज येवची नाय."

स्वयंपाकघरातून आवाज येतो. माझी बायको, चंद्रावती. शिमग्याआधीच ती वारली, हे मला ठाऊक आहे. तरी मी उठून आत जातो.

ती केर काढते आहे. सारवलेल्या जमिनीतून राईतले गुडघे वर आलेत. रानजायफळाची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. त्यांना आम्ही गुडघेच म्हणतो. झोपलेल्या पोरांभोवती फिरवावी तशी ती त्यांच्याभोवती केरसुणी फिरवते.

"हे घरात कशे इले?"

"थंयसून पाणी काढतालास, मगे ते खंय जातले?"

"अजून काढूक नाय. देवाक इचारतलंव."

"झिलाक नाय म्हणूक जीभ उचलत नाय, म्हणून देवाच्या डोक्यार नारळ!"

मी खाली बसतो. बसतो तो मुळावर. चहूकडे काळं पाणी आणि काठाला केवडा. ओल्या खोडांवर नेचे चढलेत. चंद्रावती पोटरीभर पाण्यात उभी आहे.

"म्हातारपणी अक्षरां शिकलास म्हणे नातीकडसून. ह्यां वाचा बगू."

पाण्यावर गुडघ्यांच्या सावल्या पडल्यात. काही वेलांट्यांसारख्या, काही उकारांसारख्या. मी बोट लावतो तशी ओळ मोडते.

"येणा नाय वाचूक."

"ऱ्हवांदे. वैशाखात आपल्या बावीक पाणी खंयसून येता, ता तरी सांगा."

आमची विहीर राईच्या उताराखालीच आहे. तेवढ्यात पाणी उतरायला लागतं. गुडघे उघडे पडतात, वाळतात, तडकतात. माझेही ठणकायला लागतात. पळावं म्हणतो, पण पाय उचलत नाहीत.

चंद्रावती माझ्यासमोर बसते. मांडीवर माझा नारळ घेते आणि डाव्या हातानं त्याची शेंडी उपटते.

"अगो, शेंडी काढू नको! बोडको नारळ देवाक चलणा नाय."

"दोर वळतंय."

"कित्याक?"

"गुडघे बांधूक. राईतले न्हय, तुमचे. झिलासमोर लटपटतत." ती वर बघत नाही. "ह्यां टोक धरा. ओढा."

मी ओढतो.

"बाबानू! नारळ सोललास मां?"

दिगंबर पायरीवर उभा आहे. पडवीत ऊन आलंय. माझ्या मांडीवर काथ्याचे केस सांडलेत, नखांतही भरलेत. नारळाचे तिन्ही डोळे उघडे पडून माझ्याकडं बघतायत.

"ह्यां काय केलास?" तो कपाळाला हात लावतो. "ऱ्हवांदे, मी दुसरो सोलतंय."

"तुझ्या हातचो चलणा नाय."

"मगे तुमीच सोला."

"नाय," मी म्हणतो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटतो. "मी सोलूचंय नाय, दिगा. राईत चर नको."

तो पायरी उतरून परसात निघून जातो.

मी मूठ उघडतो. आत काथ्याचा दोर आहे, बोटाएवढा. त्याचा पीळ उलटा आहे. चंद्रावती डावखुरी होती. तसा पीळ या घरात दुसऱ्या कुणाच्याच हाताला येत नाही.